सकाळी टाच टेकवत नाही. विटकर, बिब्बा की इंजेक्शन?

तेरणाकाठ | १९ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चार महिने झाले, सकाळी पलंगावरून उतरलं की डावी टाच टेकवत नाही. खिळा रुतल्यासारखं होतं. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचं, दहा-बारा पावलं पडली की जरा ढिलं होतं. मग शाळा. चौथीचा वर्ग आहे, दिवसभर उभं राहणं. मधल्या सुट्टीत अर्धा तास बसले की उठताना पुन्हा तोच खिळा.

दोन वर्षांपूर्वी लातूरला घर बांधलं, सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. जुन्या घरात शहाबादी होती, तीही कडकच, पण तेव्हा काही झालं नव्हतं. घरात चप्पल घालायची आमच्यात पद्धत नाही.

एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले हाड वाढलंय, इंजेक्शन घेऊन टाका. शेजारच्या काकू म्हणतात बिब्बा लाव. सासूबाई म्हणतात विटकर तापव, वर रुईचं पान ठेव आणि टाच शेक. त्या स्वतः रोज रात्री शेकतात, तळपायाची आग होते म्हणून. कुणाचं ऐकू? वय ४३, वजन ७४, शुगर-बीपी काही नाही.

धाराशिवचा_पाहुणा | १९ जून, रात्री १०:३१

ताई, विटकरच. आमच्या आज्जीनं अख्ख्या गावाच्या टाचा विटकरीवर बऱ्या केल्या. चुलीतली भाजकी वीट, रुईचं पान चिकाची बाजू खाली, पान चुरचुरलं की टाच ठेवायची. इंजेक्शन लई दुखतंय, मी घेतलंय. डोळ्यातून पाणी आलं.

बालाघाट | १९ जून, रात्री ११:०५

बिब्बा अजिबात लावू नका. हात जोडून सांगतो. आमच्याकडं बीड भागात अजून लावतात. माझ्या चुलत्यानं कारखान्यावरून आल्यावर टाचेच्या भेगांत बिब्ब्याचं तेल भरलं. ऊसतोडीत टाचा कशा होतात ते बघितलेल्यालाच कळेल, पाचटावरून आणि खोडक्यांवरून सहा महिने चालायचं, भेगांत पेन्सिल मावंल. दुसऱ्या दिवशी पाय नडगीपर्यंत फोडांनी भरला. बिब्बा म्हणजे औषध नव्हे, ॲसिड आहे ते. भेगा राहिल्या बाजूला, फोडांसाठी पंधरा दिवस ॲडमिट.

हालचाल | २० जून, सकाळी ७:१८

मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. नेटवर निदान होत नाही हे आधीच सांगून ठेवते. पण सकाळचं पहिलं पाऊल आणि बसून उठल्यावर पुन्हा तेच, हे मी रोज ऐकते. याला प्लांटर फॅशियायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड पट्टा जातो, धनुष्याला दोरी असते तसा. रात्री झोपेत पंजा खाली झुकलेला असतो, पट्टा आखडून बसतो आणि सकाळी त्यावर एकदम ७४ किलो पडतात.

वाढलेलं हाड मनाला लावून घेऊ नका. ज्यांची टाच जन्मात दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तो काटा दिसतो. दुखणं काट्याचं नाही, पट्ट्याचं आहे.

आता करायचं काय. डोळे उघडले की लगेच खाली उतरायचं नाही. पलंगावरच डावा पाय उजव्या मांडीवर घ्या आणि हातानं बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर ठेवून बघा, पट्टा तारेसारखा ताणलेला लागला पाहिजे, नाहीतर ओढ कमी पडतेय. दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातलं पहिलं अंथरुणातच, हे सगळ्यात महत्त्वाचं. नंतर भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणायची. मग तेच गुडघा किंचित वाकवून. पोटरी आखडलेली असली की टाच सुटत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून. वर जायला ३ सेकंद, वर २ सेकंद थांबायचं, खाली यायला ३ सेकंद. हे एक दिवसाआड. कंटाळवाणं आहे, मान्य. माझे निम्मे पेशंट इथंच गळतात.

घरातली चप्पल वेगळी करा, बाहेर न जाणारी. देवघराच्या उंबऱ्याबाहेर काढायची, देव रागवत नाही. सिलिकॉनची टाचेची गादी मेडिकलवर मिळते, दोन्ही पायांत घालायची. इंजेक्शन वाईट असतं असं नाही, पण सुरुवात त्यानं करायची नसते. त्याचा आराम काही आठवड्यांचा, आणि वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी विरते, क्वचित पट्टाही तुटतो. बहुतेकांचं हे दुखणं ६ महिने ते वर्षभरात ऑपरेशनशिवाय जातं. म्हणजे धीर लागतो.

एक विचारायचं होतं. सासूबाईंच्या तळपायाची आग होते म्हणालात. त्यांना शुगर आहे का?

पळणारा_०२ | २० जून, सकाळी ९:४४

मॅडम माझं पण सांगा. वसमतजवळचा आहे. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करूलालोय, डांबरी रोडवर रोज ८ किलोमीटर. उजव्या पंज्यावर, वरच्या बाजूला, एकाच जागी दुखूलालंय. एक्स-रे काढला, क्लिअर आला. ॲकॅडमीतले सर म्हणतात पळून पळून मोकळं होईल. माझा तळवा पण सपाट आहे म्हणतात, ओला पाय सिमेंटवर टेकवला की पूर्ण उमटतो. मेडिकलला काढतील का?

हालचाल | २० जून, दुपारी १:२०

एका बोटानं दाखवता येईल एवढ्याच जागी हाडावर दुखतंय आणि पळताना वाढतंय, तर पळून मोकळं होणार नाही, मोडेल. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, स्ट्रेस फ्रॅक्चर. फौजेत कूच करणाऱ्या सैनिकांच्या पंज्यात हे इतकं दिसायचं की त्याचं एक नावच मार्च फ्रॅक्चर पडलं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे कोरा येऊ शकतो. हाड भरून यायला लागलं की मग दिसतं. तेव्हा 'क्लिअर'वर जाऊ नकोस. हाडांच्या डॉक्टरांना परत दाखव, तोवर पळणं बंद. साधारण ६ ते ८ आठवडे जातात. भरती पुढच्या वेळी पण येईल रे.

आणि तळव्याचं असं कर: चवड्यांवर उभा राहा आणि मागून कुणाला तरी मोबाईलवर फोटो काढायला सांग. चवड्यांवर गेल्यावर कमान उठत असेल तर तळवा लवचीक आहे, तो आजार नव्हे. उठतच नसेल, पाय फळीसारखा कडक असेल, तर दाखवायला हवं. मेडिकलचा निकाल मी कशी सांगू, बघतात एवढं खरं.

पळणारा_०२ | २० जून, दुपारी १:२६

उठूलालीय मॅडम. पण सहा आठवडे म्हणजे माझी बॅच पुढं जाईल.

बारा_गावचं_पाणी | २० जून, दुपारी ३:०२

टाचेच्या धाग्यात घोटा घुसडतोय, माफी. परवा क्रिकेट खेळताना पाय आत मुरगळला, टमाट्यासारखा सुजला. गावात एक जण चोळून देतो. त्यानं गरम तेलानं पाऊण तास चोळला आणि 'हाड बसवलं' म्हणून एक झटका दिला. रात्री पाय दुप्पट. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ आणि पाय मुरगळला की ह्याचा झटका, असं आमचं ऑर्थोपेडिक.

हालचाल | २० जून, रात्री ८:४०

ताज्या मुरगळीला चोळायचं नाही आणि शेकायचं पण नाही. आत रक्तस्राव चालू असतो, तुम्ही त्याला वाट करून देता. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, क्रेप बँडेज, आणि झोपताना पाय उशीवर.

एक्स-रे कधी काढायचा याचा एक साधा नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये दिला, तो आजही चालतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत मागच्या कडेनं दाबून बघा. तिथं हाडावरच दुखत असेल, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि आताही चार पावलं टाकता येत नसतील, लंगडत का होईना, तर एक्स-रे काढा. करंगळीच्या रेषेत पंज्याच्या मध्यावर एक उंचवटा लागतो, तिथं दुखत असलं तरी काढा. यातलं काहीच नसेल तर बहुधा सांध्याचा दोरा (लिगामेंट) ताणलाय, हाड शाबूत आहे.

पण महिनाभर पलंगावर पडून राहायचं नाही. सूज थोडी उतरली की हवेत पायानं अ ते ज्ञ काढा. नंतर दात घासताना त्या एका पायावर उभं राहायचं सुरू करा. लोक हेच टाळतात आणि मग तोच घोटा वर्षातून तीनदा मुरगळतो.

कयाधू | २० जून, रात्री ९:१५

तळपायाचाच विषय निघालाय म्हणून. माझा मुलगा जन्मला तेव्हा दोन्ही पंजे आत वळलेले, तळवे एकमेकांकडं. सासरचे म्हणाले गिऱ्हाणात भाजी चिरली असशील. मी वर्षभर तेच धरून बसले असते, पण अंगणवाडीत शाळा-अंगणवाडी तपासणारी सरकारी टीम आली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा क्लबफूट आहे, हजारात एखाद्याला असतोच, आणि प्लॅस्टरनं बरा होतो. पोन्सेटी पद्धत म्हणतात. दर आठवड्याला प्लॅस्टर काढायचं, पाय हळूच थोडा फिरवायचा, पुन्हा घालायचं. आम्हाला सहा प्लॅस्टर लागली, मग टाचेमागची शीर एका बारीक चिरेनं सोडवली.

खरी परीक्षा नंतर. मधे पट्टी असलेले बूट, तीन महिने दिवसाचे २३ तास, आणि मग झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. पोरगं रडतं म्हणून मी मधे दोन महिने घातले नाहीत. एक पाय परत वळायला लागला आणि प्लॅस्टर पहिल्यापासून. आज पाच वर्षांचा आहे, पायात चप्पल टिकत नाही एवढा पळतो.

धाराशिवचा_पाहुणा | २० जून, रात्री ९:५०

कुरूप झालंय, करंगळीला. मेडिकलवाला चिकटपट्टी देतो ती लावू का? आणि एकदा रात्री अंगठ्याचा सांधा असा लाल सुजला होता की चादर लागली तरी बोंब. ते काय?

ड्रेसर | २० जून, रात्री १०:३५

दुसरं आधी. ते गाउट, युरिक ॲसिड. दुखतंय त्याच दिवशी रक्त तपासलं तर आकडा नॉर्मल पण येतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. किडनीचं पण बघून घ्या. कुरपाच्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, कातडी जाळतं. शुगर नसेल तर लावा. असेल तर हात लावू नका, ब्लेड तर नाहीच. आणि चप्पल बदला, कुरूप चपलेनं होतं.

मी डॉक्टर नाही. एका सरकारी दवाखान्यात सर्जरी वॉर्डाला ड्रेसर होतो, ३१ वर्षं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मॅडमनी आज सकाळी एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर आलेलं नाही. मी त्याचीच वाट बघतोय.

तेरणाकाठ | २१ जून, सकाळी ६:५०

काल शाळेत नवीन वर्गाची गडबड होती, माफ करा. हो, सासूबाईंना शुगर आहे, ११ वर्षं झाली. गोळी चालू आहे. पण पाय त्यांचे छान आहेत, कधी दुखले म्हणून तक्रार नाही. फक्त रात्री आग होते, मुंग्या येतात.

ड्रेसर | २१ जून, सकाळी ७:३०

ताई, दुखत नाहीत म्हणूनच काळजी आहे.

एक प्रसंग सांगतो. दुपारची वेळ, ड्रेसिंग रूमच्या बाहेर रांग. एक शेतकरी मामा आले, धोतर, पायात टायरची चप्पल. म्हणाले हाताला लागलंय, कोयत्यानं. मी हात बांधायला घेतला आणि बघतो तर दारापासून स्टुलापर्यंत फरशीवर एकाआड एक लाल ठिपके. डाव्या पावलाचे. चप्पल काढा म्हणलं, तर निघेना. खालून दोन इंची खिळा सोल फोडून तळव्यात गेलेला. बसस्टँडपासून चालत आले होते. मामा म्हणाले, "तरीच म्हणलं चप्पल आज जड का लागायली."

शुगर बरीच वर्षं वर राहिली की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या, आग, आणि मग हळूहळू काहीच नाही. आग होते म्हणून माणूस शेकतो, आणि ज्या पायाला खिळा कळत नाही त्याला विटकरीचा चटका कसा कळणार? माझ्याकडं जळालेल्या टाचा यायच्या त्या दोन प्रकारच्या: विटकर, नाहीतर गरम पाण्याची बादली. सगळे म्हणायचे, "पाणी कोमटच होतं." त्यांच्या पायाला ते कोमटच होतं.

विटकर तुमच्या टाचेला कदाचित काही करणार नाही, पण सासूबाईंची आजपासून बंद.

धाराशिवचा_पाहुणा | २१ जून, सकाळी ८:०२

मामा, पण नवरात्रात तुळजापूरला अनवाणी जायचं असतंय. आमच्या वडिलांना शुगर आहे आणि दरवर्षी जातात. त्यांना कोण सांगणार?

ड्रेसर | २१ जून, सकाळी ८:२०

तुम्हीच सांगा. पौर्णिमेनंतर आठ दिवस आमच्या वॉर्डात कुणाचे पाय यायचे ते मला माहीत आहे. डांबर उन्हात तापलेलं, खडी, काटे. बूट-मोजे घालून चालू द्या, देवळाच्या पायऱ्यांशी काढू द्या. आईला कळतं.

हालचाल | २१ जून, सकाळी ८:४५

ड्रेसरमामांना दुजोरा. तेरणाकाठ, घरी एक तपासणी करता येते, इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी बसवलेली. काही साधन लागत नाही. सासूबाईंना डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या शेंड्याला हलकेच लावा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही. मग मधलं बोट, मग करंगळी. दोन्ही पायांना मिळून सहा स्पर्श. कळला की त्यांनी डावा-उजवा सांगायचा. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर संवेदना गेलीय असं धरायचं आणि दवाखान्यात न्यायचं. तिथं १० ग्रॅमच्या नायलॉनच्या दोऱ्यानं आणि कंप पावणाऱ्या चिमट्यानं नीट तपासतात. घोट्याजवळची नाडी पण बघतात.

आणखी एक. शुगरवाल्याचा एक पाय अचानक लाल, गरम, सुजलेला, आणि दुखत मात्र विशेष नाही, असं झालं तर मुरगळला म्हणून सोडू नका. हाडं आतून ढासळायला लागलेली असू शकतात. त्याच दिवशी पायावरचं वजन काढायचं आणि डॉक्टरांकडं.

बालाघाट | २१ जून, सकाळी ९:१०

चप्पल कसली घ्यायची मग?

ड्रेसर | २१ जून, सकाळी ९:२५

एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरची. आत मऊ रबर, खाली कडक सोल, मागं पट्टा. अंगठ्याची नको, ती पकडायला बोटं आवळतात. खिळे ठोकलेली नको, शिवलेली-चिकटवलेली घ्या. मूळ कुष्ठरोग्यांसाठीची ही चप्पल, त्यांच्या पायाला पण कळत नाही. म्हणून आपल्याकडं ती घालायची लोकांना लाज वाटते. आता दिसायला बरी मिळते. पाय सुजतो संध्याकाळी, तेव्हा मापाला संध्याकाळी जा. आणि घालायच्या आधी रोज चप्पल उपडी करून झटकायची, हात फिरवायचा.

पळणारा_०२ | २८ जून, रात्री ९:०३

परत दाखवलं. दुसऱ्या एक्स-रेत चीर दिसली. मॅडम बरोबर होत्या. सहा आठवडे पळणं बंद. गोळाफेक बसून करूलालोय.

तेरणाकाठ | ३ जुलै, रात्री ९:४८

उशिरा येतेय. माझी टाच आधी सांगते. दोन आठवडे अंथरुणातला तो ताण न चुकता केला. खिळा गेला नाही, पण बोथट झालाय. मोरीपर्यंत भिंत धरावी लागत नाही. घरात चप्पल घालते, सासूबाई पहिले चार दिवस बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मला पण एक आण."

स्पर्शाची तपासणी करायला त्या तयारच नव्हत्या. आज जेवणानंतर बसवलं. ओसरीत पाटावर, डोळे मिटून. डाव्या अंगठ्याला बोट लावलं. गप्प. मधल्याला लावलं. गप्प. करंगळीला लावलं, दोन सेकंद थांबले, हात काढून घेतला. तर त्या म्हणाल्या, "लाव की गं, कधीची डोळे मिटून बसलेय."

उजव्या पायाची फक्त करंगळी कळली.

विटकर आणि पानं परसात टाकून आले.

ड्रेसर | ३ जुलै, रात्री ९:५५

आत्ता बॅटरी लावून दोन्ही तळवे आणि टाचांच्या कडा बघा. बोटांच्या मधे पण, चिखल्या असतील तर तिथून आत शिरतं. खाली वाकून दिसत नसेल तर आरसा धरा. कुठं काळं, ओलं, वास?

तेरणाकाठ | ३ जुलै, रात्री १०:१४

बघितलं. डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला रुपयाएवढं काळं आहे, मधे जरा ओलं. मला वाटलं चुलीची काजळी, पुसून बघितलं. निघत नाही. त्यांना दाखवलं तर म्हणतात कधी झालं काय माहीत.

सकाळी पहिल्या एसटीनं नेते.

ड्रेसर | ३ जुलै, रात्री १०:१६

सलाईनच्या पाण्यानं धुवा, कोरडी जाळी ठेवून सैल बांधा, त्यावर हळद-बिळद काही नको. आणि एसटी नको. स्टँडवर चालावं लागतं. रिक्षा दारात बोलवा.